त्वचेतील रक्तप्रवाह आणि रक्तवाहिन्यांचे आकुंचन : प्रकाशाच्या साहाय्याने मोजमाप कसे करावे

शरीरक्रियाशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र किंवा त्वचारोग या विषयांत पदव्युत्तर प्रबंधासाठी त्वचेतील रक्तप्रवाह मोजण्याची वेळ अनेकांवर येते. विभागात लेसर डॉप्लरचे किंवा वर्णमापनाचे एखादे उपकरण असते, त्याची पुस्तिका वाचून पहिले वाचन पाच मिनिटांत मिळते, आणि खरी अडचण त्यानंतर सुरू होते. तोच माणूस, तेच बोट, तीच खोली असूनही दुसऱ्या दिवशीचा आकडा निराळा येतो आणि उपकरण बिघडले असावे अशी शंका येऊ लागते. बहुतेक वेळा उपकरण ठीक असते. आपण नेमके काय मोजत आहोत हे आधी ठरलेले नसते आणि मोजण्यापूर्वीची तयारी अपुरी राहिलेली असते. म्हणून या लेखात उपकरणाच्या बटणांपेक्षा त्या दोन गोष्टींना अधिक जागा दिली आहे.

आधी ठरवा : प्रवाह मोजायचा की रक्ताचे प्रमाण

पाट तुडुंब भरलेला असला तरी त्यातले पाणी थांबलेले असू शकते. त्वचेचेही तसेच आहे. त्वचेत किती तांबड्या रक्तपेशी आहेत ही एक राशी आणि त्या किती वेगाने सरकत आहेत ही दुसरी. त्वचेचा लालपणा पहिल्या राशीवर अवलंबून असतो, दुसरीवर नाही. हे स्वतः पाहायचे असेल तर दंडावर रक्तदाबाचा पट्टा बांधून तो सुमारे ६० मिमी पाऱ्याच्या दाबापर्यंत फुगवावा. नीलांमधून रक्त परत जाणे अडते, रोहिण्यांतून मात्र ते येत राहते. काही क्षणांत हात गडद लालसर निळा दिसू लागतो, रंगावर आधारलेले उपकरण वाढ दाखवते आणि त्याच वेळी लेसर डॉप्लर घट दाखवते. दोन्ही उपकरणे खरेच बोलत असतात, फक्त प्रश्न वेगळे असतात. नव्या अभ्यासकाने हा प्रयोग पहिल्याच दिवशी करून पाहावा असे मी आग्रहाने सांगेन.

यासोबत शरीराचा कोणता भाग निवडायचा हेही ठरवावे लागते. बोटांची टोके, तळवे, तळपाय, कानाची पाळी आणि नाक या भागांत सूक्ष्म रोहिण्या आणि नीला यांना थेट जोडणाऱ्या वाहिन्या असतात. केशवाहिन्यांना वळसा घालून जाणारे हे जोडमार्ग अनुकंपी, म्हणजे इच्छेविना चालणाऱ्या आणि ताणात सक्रिय होणाऱ्या, मज्जासंस्थेच्या हुकमतीत असतात, त्यामुळे मनावरचा ताण, खोल श्वास, मोठा आवाज किंवा थंडी यांनी तिथला प्रवाह काही सेकंदांत कोसळतो. अग्रबाहूच्या त्वचेत असे जोडमार्ग जवळजवळ नसतात. तिथे रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या मज्जातंतूंबरोबरच त्या सक्रियपणे रुंदावणारी यंत्रणाही असते आणि विश्रांतीच्या वेळी प्रवाह मुळातच कमी असतो. मज्जासंस्थेची प्रतिक्रिया पाहायची असेल तर बोट निवडावे. वाहिन्यांच्या अंतःस्तराचे कार्य किंवा लावलेल्या मलमाचा परिणाम पाहायचा असेल तर अग्रबाहू निवडावा. ही निवड चुकली की पुढची सगळी काटेकोर गणिते वाया जातात.

उपकरणे आणि त्यांच्या मर्यादा

लेसर डॉप्लर पद्धतीत एकाच तरंगलांबीचा प्रकाश, साधारणपणे ७८० नॅनोमीटरच्या आसपासचा, बारीक तंतूतून त्वचेत सोडला जातो. स्थिर ऊतींवरून विखुरलेल्या प्रकाशाची वारंवारता तीच राहते, तर सरकत्या रक्तपेशींवरून विखुरलेल्या प्रकाशाची वारंवारता किंचित बदलते. हे दोन्ही प्रकाश संवेदकावर एकत्र आले की काही हर्ट्झपासून सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतची स्पंदने मिळतात आणि त्यांच्या वर्णपटावरून पेशींची संख्या गुणिले त्यांचा सरासरी वेग अशी राशी काढली जाते. या पद्धतीचा त्वचेसाठी उपयोग १९७५ मध्ये मायकेल स्टर्न यांनी दाखवला आणि १९८१ मध्ये बॉनर व नोसल यांनी तिची गणिती मांडणी केली. प्रकाश साधारण अर्धा ते एक मिलिमीटर खोल जातो आणि वाचन सुमारे एक घन मिलिमीटर ऊतीचे असते. परिणामी प्रोब, म्हणजे त्वचेवर बसवायचे तंतूचे टोक, दोन-तीन मिलिमीटर सरकला तरी वाचन दुप्पट किंवा निम्मे होऊ शकते. शिवाय एकक सापेक्ष असते. त्याचे मिनिटाला अमुक मिलिलिटर असे रूपांतर करता येत नाही.

लेसर स्पेकल पद्धतीचा पाया फेर्चर आणि ब्रायर्स यांनी १९८१ मध्ये घातला. लेसरने उजळलेल्या त्वचेवर दाणेदार नक्षी दिसते आणि जिथे रक्त वेगाने वाहते तिथे कॅमेऱ्याच्या काही मिलिसेकंदांच्या उघडझापेत ती पुसट होते. छोट्या चौकोनातील, समजा सात गुणिले सात पिक्सेलमधील, तीव्रतेचे प्रमाण विचलन भागिले सरासरी म्हणजे तिथली दाणेदारपणाची तीव्रता. ती जितकी कमी, तितका प्रवाह जास्त. ही पद्धत स्पर्शाविना संपूर्ण हाताचे चित्र देते आणि मोठ्या क्षेत्राची सरासरी घेता येत असल्याने अग्रबाहूवर तिची वाचने एकबिंदू लेसर डॉप्लरपेक्षा अधिक स्थिर येतात. मात्र ती लेसर डॉप्लरपेक्षा उथळ थर पाहते आणि हात जरा हलला तरी प्रवाह वाढल्याचा आभास निर्माण करते.

प्रकाशनाडीलेखन ही सर्वांत स्वस्त आणि सर्वत्र उपलब्ध असलेली पद्धत. शस्त्रक्रियागृहातला पल्स ऑक्सिमीटर याच तत्त्वावर चालतो. बोटातून संवेदकावर येणाऱ्या प्रकाशाचा नाडीबरोबर बदलणारा भाग भागिले स्थिर भाग गुणिले शंभर हा निर्देशांक अनेक यंत्रे पडद्यावर दाखवतात आणि बोटातील वाहिन्या आकुंचित झाल्या की तो झपाट्याने उतरतो. हाताला भूल दिल्यानंतर अनुकंपी मज्जातंतू बधिर होऊन वाहिन्या रुंदावतात आणि तोच निर्देशांक चढतो, हे भूलतज्ज्ञांच्या रोजच्या पाहण्यातले आहे. पण हा निर्देशांक म्हणजे प्रवाह नव्हे. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला रक्ताच्या आकारमानात होणारा तो बदल आहे. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून हाच प्रयोग करणाऱ्यांनी प्रकाशाची स्वयंचलित जुळवणी बंद करावी, कारण मोजायचा असलेला बदल कॅमेरा परस्पर भरून काढतो.

चौथा गट रंग मोजणाऱ्या उपकरणांचा. ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन ५४२ आणि ५७७ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश जोरात शोषते, म्हणून रक्त वाढले की त्वचेतून परतणारा हिरवा प्रकाश घटतो आणि लाल फारसा बदलत नाही. वर्णमापक यंत्रातील लाल-हिरवा अक्ष (रंग लालकडे किती आणि हिरव्याकडे किती झुकतो हे सांगणारा आकडा) आणि एकमेकांना काटकोनात ठेवलेले ध्रुवक वापरून पृष्ठभागावरची चमक काढून टाकणारी छायाचित्रण पद्धत या दोहोंचा आधार हाच आहे.

येथे आपल्याकडच्या अभ्यासकांनी विशेष सावध राहावे. त्वचेला सावळेपणा देणारे मेलॅनिन हे रंगद्रव्यही हिरवा प्रकाश शोषते आणि यातील बरीच तंत्रे प्रथम गोऱ्या त्वचेवर घडवली व तपासली गेली. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर लालपणाच्या निर्देशांकात मेलॅनिनचा वाटा मिसळतो, त्यामुळे दोन व्यक्तींच्या मूळ आकड्यांची तुलना करणे धोक्याचे ठरते. त्याच व्यक्तीच्या त्याच जागेवरचा आधीचा आणि नंतरचा फरक मात्र विश्वासार्ह असतो, कारण काही तासांत मेलॅनिन बदलत नाही. जवळच्या अवरक्त प्रकाशात मेलॅनिनचा अडथळा कमी असला तरी शून्य नसतो. गडद त्वचेच्या रुग्णांत पल्स ऑक्सिमीटर प्रत्यक्षापेक्षा अधिक ऑक्सिजन दाखवण्याची शक्यता जास्त असते, हे २०२० मध्ये अमेरिकेतील रुग्णांच्या नोंदींवरून ठळकपणे पुढे आले होते.

खोलीची आणि व्यक्तीची तयारी

खोलीचे तापमान २३ ते २४ अंश सेल्सिअस ठेवावे आणि ते मोजमापाच्या आरंभी व शेवटी लिहून ठेवावे. छताचा पंखा बंद असावा आणि वातानुकूलन यंत्राचा झोत हातावर येऊ नये, कारण वाऱ्याने त्वचा थंड होते आणि तापमापकावर ते दिसत नाही. मे महिन्यात बाहेरच्या उन्हातून आलेल्या माणसाला लगेच यंत्रावर बसवू नये. वीस ते तीस मिनिटे शांत बसू द्यावे, घाम आला असेल तर तो पूर्ण सुकू द्यावा. त्वचेचे तापमान वेगळे मोजावे. बोटाचे टोक ३२ अंशांहून थंड असेल तर वाहिन्या आधीच आकुंचित असतात आणि आणखी आकुंचनाला वाव उरत नाही. अशा वेळी हात ऊबदार कापडात गुंडाळून थांबणे हाच उपाय.

आदल्या बारा तासांत चहा, कॉफी आणि तंबाखू घेतलेली नसावी. ही चौकशी नेमक्या शब्दांत करावी. "धूम्रपान करता का?" या प्रश्नाला "नाही" असे प्रामाणिक उत्तर देणारी व्यक्ती सकाळी मिश्री लावून किंवा गुटखा खाऊन आलेली असू शकते, आणि निकोटिन कोणत्याही वाटेने गेले तरी त्वचेतल्या वाहिन्या आकुंचित करतेच. सर्दीच्या गोळ्यांमधील आणि नाकात घालायच्या थेंबांमधील वाहिन्या आकुंचित करणारी द्रव्ये, रक्तदाबाची औषधे आणि स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळीचा दिवस यांचीही नोंद हवी. बोटांवर मेंदी असेल तर दृश्य प्रकाशावर चालणारे मोजमाप पुढे ढकलावे, नखांवरचा रंग काढावा, हाताला तेल किंवा मलम लावलेले नसावे, आणि अंगठ्या, घट्ट बांगड्या व घड्याळ उतरवून ठेवावे.

संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी आणि सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेतील लेखी संमती घेतल्याशिवाय यातील कोणतीही चाचणी करू नये. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे येथे लागू होतात.

बोटावरील आकुंचनाची चाचणी : क्रमवार

प्रथम उपकरण तपासावे. लेसर डॉप्लरसोबत पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म पॉलिस्टायरीन कणांचा द्रव येतो. त्या कणांची यदृच्छ हालचाल ठरावीक तापमानाला ठरावीक असल्याने प्रोब त्यात बुडवून वाचन अपेक्षित मर्यादेत येते का ते पाहावे. द्रव आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, कारण कणांची हालचाल तापमानाबरोबर बदलते. उपकरण सुरू करून किमान पंधरा मिनिटे तापू द्यावे. अवरक्त लेसर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून चालू प्रोबच्या तोंडाकडे कोणीही पाहू नये.

व्यक्तीला उताणे झोपवावे किंवा पाठ टेकून बसवावे आणि हात हृदयाच्या पातळीवर मऊ उशीवर ठेवावा. हात खूप खाली लोंबत राहिला तर केवळ त्यामुळे सूक्ष्म रोहिण्या आकुंचित होतात. प्रोब तर्जनीच्या किंवा मधल्या बोटाच्या पेरावर दुहेरी चिकटपट्टीच्या कड्याने बसवावा. बोटाभोवती पट्टी गुंडाळून आवळू नये. तंतूची केबल हातावर आणखी एका ठिकाणी चिकटवावी, कारण तंतू हलला तरी आलेखात खोटे उंचवटे उमटतात. स्पेकल कॅमेरा वापरत असाल तर त्वचेवर अपारदर्शक चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावावा. त्या तुकड्यावरचे वाचन केवळ हालचालीचे असते आणि ते नंतर वजा करता येते.

मग किमान पाच मिनिटे मूळ पातळी नोंदवावी. या काळात बोलणे, हसणे, दार उघडणे, मोबाईल वाजणे सारे बंद असावे. बोटावरचा आलेख यातील प्रत्येक गोष्टीला खड्डा पाडून उत्तर देतो. रेषा सपाट येणार नाही, तिच्यात संथ लाटा दिसतील, कारण वाहिन्या स्वतःच तालात आकुंचन-प्रसरण पावत असतात. म्हणून पाच सेकंदांच्या तुकड्याला मूळ पातळी मानू नये. नाडीचे ठोके पाहायचे असतील तर उपकरणाचा कालस्थिरांक (वाचनाची सरासरी किती काळावर घेतली जाते ते) ०.१ सेकंदाच्या आसपास ठेवावा, केवळ सरासरी हवी असेल तर अधिक चालतो, पण अभ्यास संपेपर्यंत तो बदलू नये.

पहिली चेतना, म्हणजे आकुंचन घडवणारे उद्दीपन, खोल श्वासाची. खूण होताच व्यक्तीने जलद आणि पूर्ण श्वास आत घ्यावा, पाच-सहा सेकंद रोखावा आणि सावकाश सोडावा. काही सेकंदांतच प्रवाह घसरू लागतो, तळ गाठतो आणि साधारण मिनिटभरात पूर्ववत होतो. दोन श्वासांमध्ये किमान दोन मिनिटे ठेवून तीन वेळा नोंद घ्यावी. त्याहून अधिक पुनरावृत्ती केल्यास शरीराला सवय होऊन प्रतिसाद मंदावतो.

दुसरी चेतना थंडीची. विरुद्ध हात मनगटापर्यंत बर्फाच्या पाण्यात एक ते दोन मिनिटे बुडवावा आणि प्रोब असलेल्या बोटावरचा प्रवाह पाहावा, म्हणजे मिळणारी घट स्थानिक गारव्याची नसून मज्जासंस्थेमार्फत आलेली असते. या वेळी रक्तदाब आरंभी, मध्ये आणि शेवटी मोजलाच पाहिजे. अनियंत्रित उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांवर, आणि गारठ्याने बोटे पांढरी पडण्याचा विकार असलेल्यांवर, तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ही चाचणी करू नये.

शेवटी जैविक शून्य नोंदवावे, आणि नेमकी हीच पायरी घाईत गाळली जाते. दंडावरचा पट्टा सिस्टॉलिक (वरच्या) रक्तदाबाच्या ५० मिमी वर फुगवून तीन मिनिटे रक्तपुरवठा पूर्ण थांबवला तरी लेसर डॉप्लरचे वाचन शून्यावर येत नाही. अडकलेल्या पेशींची आणि ऊतींची बारीक हालचाल शिल्लक राहते. तीच पातळी म्हणजे त्या जागेचे जैविक शून्य. पट्टा सोडल्यावर प्रवाह उसळी घेतो. ती उसळीही जपून ठेवावी, कारण प्रोब नीट बसला होता याचा तो चांगला पुरावा असतो.

आकडेमोड

आकुंचनाची टक्केवारी म्हणजे मूळ पातळी वजा तळ, भागिले मूळ पातळी वजा जैविक शून्य, गुणिले शंभर. जैविक शून्याने किती फरक पडतो हे दोन काल्पनिक उदाहरणांवरून पाहू. बोटावर मूळ पातळी २००, तळ ६० आणि जैविक शून्य ८ असेल तर घट ७३ टक्के येते, आणि शून्य दुर्लक्षिले तर ७० टक्के. फरक नगण्य आहे. अग्रबाहूवर मूळ पातळी १५, तळ ११ आणि जैविक शून्य ६ असेल तर घट ४४ टक्के येते, पण शून्य दुर्लक्षिल्यास ती २७ टक्केच दिसते. कमी प्रवाहाच्या जागी ही पायरी गाळणे म्हणजे निष्कर्षच बदलणे होय.

रक्तदाब बदलत असेल तर प्रवाहाला सरासरी रक्तदाबाने भागून वाहकता काढावी. सरासरी रक्तदाब म्हणजे डायस्टॉलिक (खालचा) दाब अधिक दोन दाबांतील फरकाचा एक तृतीयांश. समजा बर्फाच्या पाण्याने प्रवाह १०० वरून ८० वर आला आणि सरासरी रक्तदाब ९० वरून १०८ वर गेला. प्रवाहात घट २० टक्के दिसते, पण वाहकता ३३ टक्क्यांनी घटलेली असते, कारण वाढलेला दाब रक्त अधिक जोराने ढकलत असतो. आकुंचनाविषयी बोलायचे असेल तर दुसरा आकडा द्यावा.

अग्रबाहूवर व्यक्ती-व्यक्तींची तुलना करायची असल्यास त्या जागेची कमाल वाहकता शोधून तिच्या टक्केवारीत निकाल मांडण्याची रीत आहे. त्यासाठी प्रोबभोवतीचे तापक कडे ४४ अंशांपर्यंत नेऊन साधारण अर्धा तास स्थिर पातळी येण्याची वाट पाहावी लागते. मधुमेहामुळे हाताची संवेदना कमी झालेल्यांत हे तापमान टाळावे, कारण भाजत असल्याचे त्यांना कळत नाही.

मलमाने त्वचा फिकी पडण्याची चाचणी

स्टेरॉइड मलमे त्वचेच्या वरच्या थरातील वाहिन्या आकुंचित करतात आणि ती जागा फिकी पडते. मॅकेन्झी आणि स्टॉटन यांनी १९६२ मध्ये या फिकेपणावरून मलमांची ताकद तोलण्याची पद्धत मांडली आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९५ मध्ये जेनेरिक मलमांच्या समतुल्यतेसाठी तिचीच सुधारित आवृत्ती स्वीकारली. येथे लेसर डॉप्लरचा मोह टाळावा. विश्रांतीत अग्रबाहूचे वाचन इतके कमी असते की त्यातली आणखी घट गोंगाटात हरवते, तर वर्णमापक यंत्र फिकेपणा सहज टिपते.

अग्रबाहूच्या आतल्या बाजूवर मनगट आणि कोपर यांपासून तीन-चार सेंटिमीटर दूर छोट्या गोल जागा आखाव्यात, त्यांतील काही मलमाविना ठेवाव्यात आणि कोणत्या जागी काय लावायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. त्वचेवर ओरखडे, पुरळ किंवा उन्हाने रापलेले पट्टे नसावेत. मलम लावण्यापूर्वी लाल-हिरव्या अक्षाचे मूळ वाचन घ्यावे, ठरलेला काळ संपल्यावर मलम अलगद पुसावे आणि त्यानंतर २४ तासांपर्यंत ठरावीक अंतराने वाचने घ्यावीत. परिणाम अनेकदा मलम काढल्यावर काही तासांनी सर्वाधिक असतो, म्हणून संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी येण्याची व्यक्तीची तयारी आधीच विचारून घ्यावी. वर्णमापकाचे तोंड त्वचेवर केवळ टेकवावे. दाबले तर रक्त बाजूला सरून त्वचा दाबानेच फिकी होते आणि मलमाला नसलेले श्रेय मिळते. म्हणून शक्यतो सर्व वाचने एकाच माणसाने घ्यावीत.

प्रत्येक वाचनातून त्या जागेचे मूळ वाचन आणि मलमाविना ठेवलेल्या जागेत त्याच वेळी झालेला बदल वजा करावा. उरलेले आकडे वेळेच्या अक्षावर मांडून समलंब चौकोनांच्या पद्धतीने वक्राखालचे क्षेत्रफळ काढले की एका जागेचा एक आकडा मिळतो. लावण्याचा काळ वाढवूनही तो वाढत नसेल तर प्रतिसादाने कमाल पातळी गाठलेली असते आणि तिथे दोन मलमांतला फरक कळू शकत नाही. म्हणून आधी छोट्या प्राथमिक अभ्यासात वेगवेगळे काळ वापरून कमाल परिणामाच्या निम्मा परिणाम किती वेळात मिळतो ते शोधावे आणि मुख्य अभ्यास त्या काळावर आखावा. काहींच्या त्वचेवर ही मलमे मुळीच फिकेपणा आणत नाहीत, त्यामुळे सहभागी निवडताना त्यांची प्रतिसादक्षमता तपासण्याची पद्धत आहे.

अहवालात काय लिहावे

उपकरणाचे नाव, तरंगलांबी, तंतूंमधील अंतर, कालस्थिरांक, कॅमेऱ्याचा उघडझापेचा काळ, त्वचेपासूनचे अंतर, खोलीचे आणि त्वचेचे तापमान, शरीराची स्थिती, दिवसाची वेळ आणि जैविक शून्य वजा केले की नाही, हे सारे लिहावे. त्वचेचा वर्ण किमान फिट्झपॅट्रिक श्रेणीने (उन्हाला त्वचा कसा प्रतिसाद देते यावरून केलेल्या वर्गवारीने), आणि शक्य असल्यास मेलॅनिन निर्देशांकाने द्यावा. वेगळ्या कंपनीच्या उपकरणाने मिळालेल्या सापेक्ष एककांची आपल्या आकड्यांशी थेट तुलना करू नये. टक्केवारीतील बदलांची तुलनाही मोजलेली खोली सारखी असेल तरच करावी. मुख्य अभ्यासाआधी त्याच काही व्यक्तींवर दोन वेगळ्या दिवशी, त्याच वेळी, हीच सर्व मोजमापे करून दोन दिवसांमधील फरक काढावा आणि औषधाने किंवा चेतनेने झालेला अपेक्षित बदल त्या फरकापेक्षा मोठा असेल तेव्हाच सहभागींची संख्या ठरवायला घ्यावी.